खोडव्यातली वाट

वैशाली मॅडम घाबरट होत्या. हे मी नालस्ती म्हणून सांगत नाही. मी स्वतः मंचरच्या पेठेत कापडाच्या दुकानावर वाढलेला, पाल दिसली तर तिला आधी जाऊ देणारा माणूस आहे. घाबरटपणातलं मला चांगलं कळतं. पण माझी भीती आळशी. डोक्यावरून पांघरूण ओढायचं आणि पडून राहायचं, एवढीच तिची धाव. मॅडमची भीती मात्र सकाळी लवकर उठून कामाला लागायची.

आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज गावाबाहेर, चहूबाजूंनी उसाचं रान. मी गणित शिकवायचो, त्या कॉम्प्युटर. कॉलेजात त्यांच्या आडनावाच्या आणखी दोघीजणी होत्या, म्हणून शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळे त्यांना नावानंच हाक मारत. मला पोरं पाठीमागं 'शेठ सर' म्हणायची. मॅडम तोंडावर म्हणायच्या. त्यांचं घर अवसरी बुद्रुकच्या मळ्यात. नवरा चाकणला कंपनीत, पाळीनं कामावर. घरात बहुतेक वेळा त्या आणि सासूबाई, हौसाबाई, दोघीच. मॅडम सासूला आत्याबाई म्हणत.

स्टाफरूमच्या दारापाशी आल्या की मॅडम आधी खाकरायच्या. आतला माणूस दचकू नये म्हणून. स्कूटर चालू करण्याआधी वाकून खाली बघायच्या. मळ्यातून येताना मोबाइलवर भजन लावायच्या, तेही इतकं मोठ्यानं, की फाट्यावरचा चहावाला भजन ऐकून दूध तापत ठेवायचा. आणि गळ्याला जाड मफलर. वैशाखातसुद्धा. मी एकदा म्हटलं, ''मॅडम, ऊन लागेल हो अशानं.''

''ऊन कुठंही लागतं, शेठ. वाघ मानंलाच धरतो.''

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. जुन्नर-आंबेगावच्या बिबट्याला आता डोंगर लागत नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो, आणि तोड आली की पिलांसकट शेजारच्या उसात बिऱ्हाड हलवतो. पेपरात वाचताना हे मजेशीर वाटतं. ज्याला अंधार पडायच्या आत त्याच उसातून घरी जायचं असतं, त्याला वाटत नाही.

त्यांचा विषय असा, की ऐकणाऱ्यानं म्हणावं, यात शिकवायचं काय? कागदावर पुष्कळ रेघा, चौकोन, वर्तुळं आहेत. नवी एक रेघ ओढली. ती कुणाकुणाला छेदते? बस, एवढाच प्रश्न. दहा-पाच आकार असतील तर डोळ्यांनीच दिसतं. लाख असतील तर? आणि त्यातले काही रोज पुसले जात असतील, काही नवे येत असतील तर? प्रत्येक वेळी लाखाच्या लाख तपासायचे म्हटलं, तर उत्तर येईपर्यंत विचारणारा म्हातारा व्हायचा.

''जावई भीमाशंकरला निघालाय,'' मॅडम वर्गात सांगायच्या. ''कुठवर पोचला ते बघायचंय. तुम्ही काय शिनोलीतल्या घराघरात फोन लावणार? आधी घोडेगावात विचारा. घोडेगावच आलं नसेल, तर त्याच्या पुढच्या शिनोलीतली माणसं कशाला उठवताय?''

म्हणजे असं, की जवळजवळच्या आकारांभोवती एक खोका आखायचा, असे खोके मिळून मोठा खोका, त्याहून मोठा, असं वर वर जायचं. प्रश्न आला की आधी मोठ्या खोक्याला विचारायचं. त्यालाच धक्का लागत नसेल, तर आतलं उघडायचंच नाही. एखादा आकार आला किंवा गेला, तर त्याच्यापुरत्या खोक्यांची मापं बदलायची, बाकीच्यांना झोपू द्यायचं. फळ्यावर हे त्या झाडासारखं काढायच्या, मूळ वर आणि फांद्या खाली. पोरं याला 'मॅडमचं उलटं झाड' म्हणत. मला गणितवाल्याला त्यातला नेटकेपणा फार आवडायचा, पण त्यांना नेटकेपणाचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, ''भ्यालेला माणूस प्रश्न नीट विचारतो. न भ्यालेला नुसता उत्तरं देत फिरतो.'' हे म्हणताना बऱ्याचदा त्यांची नजर प्रिन्सिपॉलच्या केबिनकडं असायची.

एकदा आम्ही पोरांची सहल घेऊन भीमाशंकरला गेलो. पायऱ्यांवर धुकं असं उतरलं, की स्वतःचे बूट दिसेनात. मॅडमनी पोरांचे घोळके केले, प्रत्येक घोळक्याला ओढण्या जोडून कडं करून दिलं आणि एकेक म्होरक्या नेमला. मग देवळापर्यंत दर वळणावर फक्त म्होरक्यांना हाका. पेढेवाला ते बघून म्हणाला, ''बाई, पोरं हायेत का गुरं?''

''गुरं असती तर एवढं भ्याव नव्हतं, भाऊ. गुरांना घरची वाट घावती,'' मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या म्होरक्याला हाक मारली.

पुढं त्यांच्या शेजारच्या मळ्यात एक बाई गवत कापताना बिबट्याच्या तोंडी गेली. ओणवी बसली होती, तशीच. मॅडमनी तिला आदल्या दिवशीच मेथीची जुडी दिलेली. चार दिवस त्या कॉलेजात आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळ्यांखाली काळं आणि हातात कागदाची गुंडाळी. कागदावर त्यांच्या मळ्याचा नकाशा होता. त्या म्हणाल्या, ''शेठ, हा माझाच विषय आहे. इतकी वर्षं मी काय रेघा छेदत बसले होते?''

त्यातून 'वाट' नावाचं मोबाइलचं ॲप जन्माला आलं. मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना घेऊन ते बांधलं. शेतकऱ्यानं उसाची लागण केली, की फोन हातात धरून शेताला एक फेरी मारायची. शेताचा आकार आत जायचा. तोड झाली, की एक बटण दाबायचं. आकार पुसला जायचा. कुणाला बिबट्या दिसला, पंजाचा ठसा दिसला, की तेही टाकायचं. त्या जागेभोवती एक वर्तुळ पडायचं. आणि ज्याला घराबाहेर पडायचंय त्यानं कुठून कुठं ते सांगायचं. त्याची वाट ठशाजवळच्या उभ्या उसाला छेदत असेल तर फोन लाल व्हायचा आणि एका मुलीच्या आवाजात सांगायचा, ''थांबा, ऊस आडवा आहे.'' नसेल तर हिरवा व्हायचा. ''वाट मोकळी.''

पहिल्या हंगामात ते असं चाललं, की विचारू नका. ऊस रोज तुटत होता, नकाशा रोज बदलत होता, आणि उत्तर पापणी लवायच्या आत येत होतं. फोन लाल झाला म्हणून थांबलेल्या एका दूधवाल्यानं समोरच्या बांधावर खरंच बिबट्या पाहिला. झालं! मग काय, जो तो 'वाट' विचारून बाहेर पडू लागला. हौसाबाईंचा आधी फोनवर काडीचा विश्वास नव्हता. ''मला वाघाचा वास येतो, मला काय करायचा डबडा?'' असं त्या म्हणत. पण गावातल्या बाया सुनेचं कौतुक करायला लागल्या, तशा त्याही विरघळल्या. रोज दिवस कलला की फळीवरचा फोन कानाला लावायच्या, 'वाट मोकळी' ऐकायच्या, फोन पुन्हा फळीवर ठेवायच्या आणि दुधाची किटली घेऊन डेअरीला निघायच्या. फोन बरोबर न्यायचा असतो, हे काही त्यांना पटलं नाही. ''इचारलं की झालं. पुन्हा वझं कशाला?''

ज्या दिवसाचं सांगायचंय तो दसऱ्याच्या अलीकडचा. माझा तास संपला होता, शेजारच्या वर्गात मॅडमचा चालू होता. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. झाडातून आकार कसा काढून टाकायचा, ते चाललं होतं. ''एक लक्षात ठेवा,'' त्या म्हणाल्या. ''इथून काढलेलं पुन्हा आपोआप उगवत नाही. परत हवं असेल तर कुणीतरी परत लावावं लागतं.''

आणि त्या थांबल्या. खडू फळ्याला टेकलेलाच. पोरांना वाटलं, मॅडम काही विसरल्या. मी त्यांचा चेहरा बाजूनं पाहिला आणि खिडकी सोडून दाराकडं निघालो, कशासाठी ते कळायच्या आधीच. खडू ठेवायचंही भान न राहता त्या बाहेर आल्या.

''शेठ, गाडी काढा.''

गाडीत बसल्यावर त्या एकच शब्द बोलल्या. ''खोडवा.''

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडला तरी त्याचं बुडखं जमिनीत राहतं. पाणी दिलं की त्यातून पुन्हा ऊस फुटतो. तो खोडवा. नवी लागण नाही, काही नाही. आपोआप येतो आणि पावसाळा सरेपर्यंत डोक्याच्या वर जातो. गेल्या हंगामात तुटलेलं प्रत्येक शेत 'वाट'मधून पुसलं गेलं होतं. त्यातली निम्मी तरी रानं आता खोडव्यानं गच्च भरली होती, आणि ती परत कुणीच लावली नव्हती, कारण खोडवा कुणी लावतच नाही. फोनच्या लेखी तिथं उघडं रान होतं. उघड्या रानात बिबट्या लपत नाही. म्हणून वाट मोकळी.

तुम्ही म्हणाल, माणसांना डोळे नव्हते का? होते की. ऊस दिसतच होता. पण त्यांना वाटायचं, फोन म्हणतोय म्हणजे या उसात आज वाघ नाही. आपलं काम न अडवणारं उत्तर कोण तपासतं? मी तरी कुठं तपासलं असतं?

''परवा कालव्याला ठसे दिसलेत,'' मॅडम म्हणाल्या. ''आत्याबाईंची वाट तिथनंच जाते. दोन्ही बाजूला खोडवा आहे, शेठ. आमचाच. तोडीचं बटण मी दाबलंय, माझ्या या हातानं.'' त्या घरी फोन लावत होत्या. रिंग वाजत होती. ती फळीवर वाजत असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी त्या पुन्हा लावत होत्या. माझ्या गाडी चालवण्याची कॉलेजात टिंगल व्हायची, बैलगाडीही पुढं निघून जाते म्हणून. त्या दिवशी मी कसा चालवत होतो ते मला आठवत नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. म्हशीचं दूध काढून झालेलं. किटली जाग्यावर नव्हती. मॅडमनी मांडणीवरच्या दोन स्टीलच्या ताटल्या उचलल्या आणि त्या वाटेला लागल्या. मी गाडीत बसून हॉर्न वाजवतो, असं म्हणणार होतो. पण एकट्यानं मागं राहण्याची भीती जास्त होती, म्हणून गेलो.

वाट एका माणसाच्या रुंदीची. दोन्ही अंगांना ऊस. वारा अजिबात नव्हता, आणि तरी कुठंतरी आत उसाचं वाळलं पाचट वाजत होतं. ते वाजायचं, आम्ही थांबलो की थांबायचं. कुत्रं भुंकत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. मॅडम ताटल्या आपटत होत्या आणि ''आत्याबाई! ओ आत्याबाई!'' अशा हाका मारत होत्या. त्यांचा आवाज फाटला होता. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि नंतर वाटली ती स्वप्नातच.

वळणापाशी दूध सांडलेलं दिसलं. अजून मातीत जिरत होतं. पुढं किटली आडवी, तिच्यापुढं एक चप्पल. मॅडमच्या हातातल्या ताटल्या गळून पडल्या.

तेवढ्यात विहिरीकडून शिव्या ऐकू आल्या. अस्सल, रांगड्या, मी इथं लिहू शकणार नाही अशा. आयुष्यात शिव्या ऐकून डोळ्यांत पाणी येण्याचा तो एकच प्रसंग. हौसाबाई पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरून पत्र्याचं दार आतून धरून बसल्या होत्या. बिबट्यानं मागून झेप घातली, ती खांद्यावर आली. त्यांनी वळून किटली त्याच्या तोंडावर हाणली आणि रांगत खोली गाठली. दार उघडलं तेव्हा लुगडं खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झालेलं होतं. तो कधी निघून गेला, का तिथंच बसून आमच्याकडं बघत होता, आम्हाला माहीत नाही. आम्ही त्यांना उचललं आणि पळालो.

दवाखान्यात टाके पडत असताना मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. सासूकडं बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. हौसाबाईंनीच हाक मारली.

''वैशे, फोनवर राग धरू नको. फोन मोकळी म्हनला, पन वाघाला कुठं ठावं व्हतं फोन काय म्हनला त्ये?''

मॅडम खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडलो, पण बाहेर जाऊन.

खरी दहशत त्यानंतर सुरू झाली. त्या क्षणीही कुठल्यातरी मळ्यात कुणीतरी फोनला विचारत असणार आणि तो 'मोकळी' म्हणत असणार. 'वाट' बंद करावं, तर लोकांना वाटेल, फोन गप्प आहे म्हणजे धोका नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मॅडमनी तिथल्या तिथं पोरांना फोन केला आणि आधी सगळं लाल करायला लावलं. कुणी कुठलीही वाट विचारो, लालच. मळे खोळंबले, डेअऱ्या ओरडल्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, ''जे काय सुधारायचं ते गुपचूप सुधारा. कॉलेजचं नाव आहे.''

मॅडमनी ऐकलं नाही. मळ्यामळ्यात जाऊन देवळापुढं माणसं जमवली आणि सांगितलं. अवसरीच्या सभेला मी होतो. मॅडमनी माइक दोन्ही हातांनी धरला. ''मी चुकले,'' त्या म्हणाल्या. ''खोडवा मला म्हाईत नव्हता असं नाही. मी खोडव्यातच वाढले. पण तुटलं म्हणजे संपलं, असं मी लिहिलं. माझ्या भरवशावर कुणी पाऊल टाकू नका.''

कुणीतरी शिवी देईल म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. पुढं बसलेला एक बागायतदार उठला. ''मॅडम, तुमचं एकटीचं न्हाई. आमी तरी कुठं सांगितलं? खोडव्याची फेरी कोन मारतंय? आमच्या बी डोक्यात आलं न्हाई, राव.'' बायका हौसाबाईंच्या खांद्याची चौकशी करत पांगल्या.

त्यानंतर मॅडमनी नियम बदलला. तोडीनं शेत पुसलं जाणार नाही. कुणी नांगरट डोळ्यांनी पाहून सांगितल्यावरच पुसायचं. आणि जुनी पुसलेली शेतं? ती बघायला त्या स्वतः गेल्या. सुटीच्या दिवशी, भर दुपारी, बांधाबांधानं, मफलर गुंडाळून, काठी आपटत. प्रत्येक उसापाशी थबकायच्या, घाम पुसायच्या, पुढं जायच्या. पोरं बरोबर येतो म्हणाली, तर त्यांना रस्त्यावरूनच परत धाडलं. रानं बघून संपल्यावर नकाशा खरा झाला आणि सरसकट लाल उठवलं. लोक पुन्हा हळूहळू विचारायला लागले.

मी निवृत्त झालो आणि पुण्याला मुलाकडं यायचं ठरलं, तेव्हा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. हौसाबाईंनी चहा केला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून साखरेचा डबा खालच्या फळीवर आला होता. दिवस कलला तशा त्या उठल्या, डाव्या हातात किटली घेतली आणि सुनेपुढं उभ्या राहिल्या.

''बघ गं. जाऊ का?''

मॅडमनी फोन घेतला, विचारलं. मी शेजारीच होतो. पडदा हिरवा झाला. आवाज त्यांनी बंद ठेवला होता. दुरुस्त केलेलं, रानोरान पायांनी तपासलेलं ते हिरवं होतं, आणि तरी त्यांच्या तोंडून 'जा' निघेना. त्या हिरव्याकडं बघत राहिल्या. सासू वाट बघत उभी होती, अगदी निर्धास्त. शेवटी मॅडमनी फोन पालथा ठेवला, पायांत चप्पल सरकवली आणि सासूच्या हातातली किटली घेतली.

''अगं, तू कशाला? हिरवं हाय की!''

''हाय. चला.''

''पावनं बसल्यात घरात.''

''बसू द्या.''

मी ओसरीवर उभा राहिलो. आपणही जावं असं वाटलं, पण पाय उचलेना. एवढी शिकलेली सून डेअरीला येते, लोक काय म्हणतील, असं कुरकुरत हौसाबाई उसातल्या वाटेला लागल्या. ती वाट एका माणसाच्या रुंदीची. दोघींना बरोबर चालता येत नाही, एकीला मागं राहावं लागतं. बिबट्या नेहमी मागून धरतो. हौसाबाई पुढं होत्या आणि मॅडम मागं.